बरे वाटलेल्या दिवशी थांबणे

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समज चुकली असेल तर ती तुमच्या लक्षात येईल. तुमचे वय ४६ आहे, मानेवाड्याच्या घरातून रोज अठरा डबे जातात, चार वर्षांपासून कंबर दुखते आणि कधीकधी चमक उजव्या मांडीपर्यंत येते. एमआरआयमध्ये एल-४ आणि एल-५ या मणक्यांमधली गादी फुगलेली दिसली आणि दोन अस्थिरोगतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेची गरज नसल्याचे सांगितले. ज्या दिवशी बरे वाटते त्या दिवशी तुम्ही साचलेली सगळी कामे उरकता आणि पुढचे दोन दिवस गोळी घेऊन पडून काढता, तेव्हा घरचे म्हणतात, "काल तर चांगली होतीस." हे आयुष्यभर असेच चालणार का, आणि चालणार असेल तर दिवस निभवायचा कसा, असे तुम्ही विचारले आहे.

मी नागपुरात बावीस वर्षे फिजिओथेरपीचे काम करते आहे. तुमच्या प्रश्नात सर्वांत जास्त मजकूर गादीविषयी आहे, पण मला त्यातले खरे दुखणे तुम्ही जाता जाता लिहिलेल्या त्या एका वाक्यात दिसते: बरे वाटले की सगळे उरकायचे आणि मग दोन दिवस झोपायचे. उत्तराचा बराचसा भाग त्या वाक्याभोवतीच फिरेल. मी तुम्हाला तपासलेले नाही, त्यामुळे जे तपासणीवर अवलंबून आहे ते तसे स्पष्ट सांगत जाईन.

पहिल्यांदा ज्या गोष्टींत वाट पाहायची नसते त्या सांगते. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, लघवी अडणे, बसण्याच्या जागी बधिरपणा येणे, पाऊल उचलताना चप्पल पायातून निसटणे किंवा पायाची ताकद कमी होत जाणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) असो, मेयो असो की एम्स, या रुग्णालयांचा आपत्कालीन विभाग रात्रीही उघडा असतो. संध्याकाळचा बारीक ताप, कारण नसताना घटणारे वजन आणि रात्री झोपेतून उठवणारी, कूस बदलूनही न हलणारी कळ असेल तर मणक्याचा क्षयरोग किंवा अन्य काही गंभीर आजार नाही ना, हे तपासून घ्यावे लागते. आपल्या विदर्भात आणखी एक गोष्ट विचारावी लागते. घरात कोणाला सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) आहे का? असेल आणि दुखणे कंबरेपुरते न राहता हाडांमध्ये झटके येत असतील, तर त्याचा मार्ग वेगळा आहे आणि पुढचे माझे सांगणे त्याला जसेच्या तसे लावू नये. तुमच्या वर्णनात यांपैकी काहीच दिसत नाही, म्हणून पुढे जाते.

आता गादी. "गादी सरकली" हा शब्दप्रयोग आपल्याकडे इतका रुजला आहे की माणसाला ती पाटावरची बशी घसरावी तशी घसरलेली दिसू लागते, आणि वाकलो तर ती अजून घसरेल ही भीती मनात घर करते. मणक्यांमधली चकती अशी घसरत नाही. ती दोन्ही बाजूंच्या मणक्यांना घट्ट जोडलेली असते आणि वयाप्रमाणे तिच्यातले पाणी कमी होऊन ती थोडी चपटी होते, कडेला फुगते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक माणसांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या होत्या. त्यात चाळिशीतल्या ५० टक्के आणि पन्नाशीतल्या ६० टक्के माणसांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या. म्हणजे तुमच्या वयाच्या, काहीही न दुखणाऱ्या दोन मैत्रिणींना एमआरआयसाठी पाठवले, तर त्यांतल्या एकीच्या अहवालात तुमच्यासारखेच वाक्य येण्याची शक्यता आहे. याचा अर्थ तुमचे दुखणे खोटे आहे असा मुळीच नाही. फक्त चार वर्षांच्या दुखण्याचा सगळा हिशेब त्या एका ओळीवर मांडता येत नाही, एवढाच.

मग इतके दिवस दुखते कशामुळे? तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या वेदनेला वैद्यकात जुनाट वेदना म्हणतात. ही सीमा अशासाठी की बहुतेक इजा तोपर्यंत भरून आलेल्या असतात. वेदना जर पूर्णपणे इजेवरच अवलंबून असती तर ती तेव्हाच जायला हवी होती. ती जात नाही, कारण दरम्यान मज्जारज्जू आणि मेंदू त्या भागाबाबत जास्त सावध झालेले असतात. आपल्याकडे म्हणतात ना, दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. मज्जासंस्था अगदी हेच करते. चार वर्षांपूर्वी बादली उचलताना उसण भरली ते दूध होते; आज ओट्याशी अर्धा तास उभे राहणे हे ताक आहे, पण शरीर तेही फुंकून पिते आहे. अशा वेळी वेदना खरीच असते, पण ती दर वेळी नवी इजा झाल्याची खबर नसते. हे समजल्याने लगेच दुखणे थांबत नाही, पण प्रत्येक कळेला "काहीतरी तुटले" असा अर्थ लावणे थांबते, आणि माझ्या अनुभवात तिथूनच फरक पडू लागतो.

आता त्या वाक्याकडे येते. बरे वाटलेल्या दिवशी तुम्ही कामाचे प्रमाण दुखण्यावरून ठरवता: दुखत नाही, तोवर करत राहायचे. पण दुखणे उशिरा कळवते. तुम्ही मर्यादा ओलांडता सकाळी दहाला आणि पावती मिळते संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी. मग दोन दिवस पडून राहिल्याने स्नायूंची ताकद कमी होते आणि मज्जासंस्थेला "काम म्हणजे धोका" हा धडा पुन्हा एकदा मिळतो. पुढच्या वेळी कमी कामातच दुखू लागते. चार वर्षांत हे चक्र किती वेळा फिरले असेल ते पाहा. माझ्याकडे महालक्ष्म्यांचे तीन दिवस संपले की पुढच्या आठवड्यात बायकांची रांग लागते, आणि उन्हाळ्यात पापड, कुरडया, सरगुंड्यांच्या दिवसांतही तेच. त्यांच्यापैकी कोणाचीही गादी त्या आठवड्यात नव्याने फुगलेली नसते.

म्हणून काम दुखण्यावरून न ठरवता घड्याळावरून ठरवायचे. हे ऐकायला सोपे आणि करायला फार कठीण आहे, कारण दुखत नसताना थांबणे आपल्या अंगवळणी पडलेले नाही. पद्धत अशी. सलग तीन दिवस, ओट्याशी उभे राहून काम करताना दुखणे स्पष्टपणे वाढू लागेपर्यंत किती मिनिटे जातात ते मोजा. समजा २०, ३५ आणि २६ मिनिटे आली. सरासरी २७. त्यातून पाचवा हिस्सा वजा करा, साधारण साडेएकवीस उरतात. आपण सरळ २० धरू. ही तुमची सध्याची उभे राहण्याची मुदत. मोबाइलवर २० मिनिटांचा गजर लावायचा आणि तो वाजला की हातातली पोळी भाजून होताच बाजूला व्हायचे, मग त्या दिवशी कितीही हलके वाटत असो. चार-पाच मिनिटे खुर्चीवर बसून भाजी निवडा, किंवा दारापर्यंत दोन चकरा मारा. आडवे व्हायची गरज नाही. फक्त स्थिती बदलायची आहे. मग पुन्हा २० मिनिटे. आठवडाभर हे निभले तर पुढच्या आठवड्यात २२, त्यानंतर २४. नाही निभले तर त्याच आकड्यावर अजून एक आठवडा राहायचे, त्यात हार नाही.

वाईट दिवशीही हाच नियम उलट्या बाजूने लावायचा आहे. दुखते आहे म्हणून शून्यावर न येता १० मिनिटे तरी उभे राहायचे. चांगला दिवस आणि वाईट दिवस यांच्या कामातले अंतर कमी करणे हेच पहिल्या दोन महिन्यांचे उद्दिष्ट आहे. दुखणे कमी करणे हे उद्दिष्ट तेव्हा ठेवूच नका. हे वाक्य बहुतेक रुग्णांना आवडत नाही, तरी मी ते पहिल्याच भेटीत सांगते.

तुमच्या कामाला हे कसे बसवायचे, यावर थोडे रेंगाळते, कारण नुसते "विश्रांती घेत काम करा" हा सल्ला डबे करणाऱ्या बाईला उपयोगाचा नाही. डबा साडेअकराला गेलाच पाहिजे. अठरा डबे आणि डब्यात तीन पोळ्या धरल्या तरी चोपन्न पोळ्या होतात. त्या एका दमात करण्याऐवजी दोन घाण्यांत करता येतात, आणि मधल्या वेळात बसून डब्यांत भाजी-भात भरता येतो. भाज्या चिरणे, लसूण सोलणे, सांबार (कोथिंबीर) निवडणे ही कामे आदल्या संध्याकाळी टेबल-खुर्चीवर बसून उरकता येतात. कणीक एका मोठ्या परातीत मळण्यापेक्षा दोनदा मळलेली बरी. लाटताना ओटा कोपराच्या किंचित खाली असावा. तो उंच असेल तर खांदे वर उचलले जातात आणि जोर कंबरेतून काढला जातो, अशा वेळी पायाखाली सपाट, न डुगडुगणारा पाट घ्यावा. दुसरा छोटा पाट एका पायाखाली ठेवून दर थोड्या वेळाने पाय बदलत राहिले तरी पुष्कळ जणींना आराम पडतो. कॉटन मार्केटमधून दहा किलोची एक पिशवी एका खांद्यावर आणण्यापेक्षा पाच-पाच किलोच्या दोन पिशव्या दोन हातांत आणाव्यात. जमिनीवर बसणे वर्ज्य नाही. मांडी घालून बसल्यावर दुखत नसेल तर बसा. फक्त तिथेही गजर लावा.

नोंद ठेवायला वही नको. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब मांडता, तिथेच त्या तारखेच्या चौकोनात दोन आकडे लिहा: त्या दिवशीची उभे राहण्याची मुदत आणि रात्री किती तास झोप झाली. दुखण्याला दहापैकी किती गुण, हे रोज लिहू नका असे मी मुद्दाम सांगते. दर तासाला दुखण्याची चौकशी करणारा माणूस दुखण्याकडेच बघत राहतो.

व्यायामाविषयी तुम्ही विचारले आहे की नेमका कोणता. कंबरेसाठी सर्वांत उत्तम असा एकच व्यायाम सिद्ध झालेला नाही, आणि जो तुम्ही सहा महिने करत राहाल तोच तुमच्यासाठी चांगला. मी बहुधा चालण्यापासून सुरुवात करते, तेही वर सांगितलेल्या मोजमापाने. सोबत पाठीवर झोपून गुडघे वाकवून नितंब उचलणे, हातापायांवर येऊन पाठ सावकाश वर-खाली करणे आणि खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, प्रत्येकी आठ-दहा वेळा. करताना थोडे दुखले आणि रात्रीपर्यंत पूर्ववत झाले तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाढलेले राहिले तर संख्या निम्मी करा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर चालायला जायचे असेल तर सकाळी साडेसहाच्या आत परत या, नाहीतर घरातल्या घरात चाला. उन्हाळा आला म्हणून चालणे जून संपेपर्यंत सोडून देणारे माझे अर्धे रुग्ण पावसाळ्यात पुन्हा पहिल्या आकड्यावर आलेले असतात.

त्याच उन्हाळ्याचा संबंध तुमच्या गोळीशीही आहे, आणि हा मुद्दा कृपया वरवर वाचू नका. मी औषधे लिहून देत नाही. ते तुमच्या डॉक्टरांचे काम आहे. पण डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात, पोटात व्रण करू शकतात आणि रक्तदाब वाढवू शकतात. शरीरातले पाणी कमी झालेले असताना हा धोका वाढतो, आणि दोन शेगड्यांसमोर मे महिन्यातली दुपार काढणाऱ्या बाईच्या अंगातले पाणी किती कमी होते ते मी सांगायला नको. त्यात रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखी गोळी आणि सोबत लघवी वाढवणारे औषध चालू असेल तर तिन्ही मिळून मूत्रपिंडावर एकदम भार पडतो. तुम्हाला रक्तदाब आहे की नाही हे तुम्ही लिहिलेले नाही. असेल तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्या. दुकानात "कंबरेची गोळी द्या" म्हटल्यावर मिळणाऱ्या अनेक गोळ्यांमध्ये ॲसिक्लोफेनॅकबरोबर ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉलही असते, आणि सर्दीच्या गोळीतही तेच असते, त्यामुळे नकळत बेरीज होते. प्रौढ माणसासाठी पॅरासिटामॉलची चोवीस तासांतली कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे, आणि यकृताचा त्रास असलेल्यांसाठी त्याहून कमी.

डॉक्टरांनी कधी रात्रीसाठी अमिट्रिप्टिलिनची छोटी मात्रा किंवा ड्युलॉक्सेटिन सुचवले, तर मोबाइलवर नाव शोधून "मला वेड लागले आहे असे समजतात का" असे वाटून घेऊ नका. माझ्या एका निवृत्त शिक्षक रुग्णाने याच कारणाने महिनाभर गोळीचे पाकीट कपाटात ठेवले होते. ही औषधे उदासीनतेसाठीही वापरतात हे खरे, पण मेंदू आणि मज्जारज्जूतले वेदनेचे संदेश ती मंद करतात, म्हणून ती जुनाट वेदनेत देतात. ती सर्वांना लागू पडत नाहीत, आणि सुरू केलेली गोळी स्वतःहून एकदम बंदही करू नये.

आता माझ्याच व्यवसायाविषयी. पहिली काही वर्षे मीही रुग्णांना पंधरा दिवस सक्त विश्रांती, पट्टा आणि यंत्रांच्या शेकाच्या दहा-दहा बैठका सांगत असे, कारण आम्हाला तसेच शिकवले होते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत व्यायाम आणि रुग्णाला दुखणे समजावून सांगणे यांची शिफारस आहे. पट्टा, कंबर ताणण्याचे वजन, अल्ट्रासाउंडचा शेक आणि विजेच्या सौम्य प्रवाहाचे यंत्र यांचा नेहमीचा वापर मात्र त्यांनी नाकारला आहे. माझ्या दवाखान्यात यंत्रे अजून आहेत. दुखणे भडकलेल्या दिवशी तासाभराचा आराम मिळाला तर त्या आरामात मी व्यायाम करून घेते, याहून जास्त काम त्यांच्याकडे देत नाही. पट्टा लांबच्या एस.टी. प्रवासात किंवा घरच्या लग्नकार्यात लावलात तर बिघडत नाही, पण स्वयंपाक करताना रोज लावू नका. गरम पाण्याची पिशवी पंधरा-वीस मिनिटे जरूर घ्या; मधुमेहामुळे त्वचा बधिर झाली असेल तरच ती टाळा. मणका "बसवून" देणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका, विशेषतः चमक पायात उतरत असताना.

दुखणे भडकेल, हे गृहीत धरूनच चालावे. त्या दिवसासाठी काय करायचे हे बरे असतानाच कागदावर लिहून फ्रिजवर लावा: मुदत निम्मी करायची, शेक घ्यायचा, तासाला एकदा उठून घरात चालायचे, डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी ठरलेल्या वेळी आणि ठरलेले दिवसच घ्यायची, त्या दिवशी पोळ्या बाहेरून मागवायच्या आणि कोणाकडून ते आधीच ठरवून ठेवायचे. शेवटचे कलम मी मुद्दाम घालते, कारण गिऱ्हाईक तुटेल ही धास्ती तुम्हाला वाईट दिवशीही मुदत ओलांडायला लावते.

झोपेचा उल्लेख तुम्ही एका ओळीत केला आहे, पण रात्री दोनला जाग येते ही लहान गोष्ट नाही. झोप मोडलेल्या दुसऱ्या दिवशी तीच कळ जास्त तीव्र लागते, हे कॅलेंडरवरच्या आकड्यांत तुम्हालाच दिसेल. उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्या. दोन महिन्यांनंतरही झोप, भूक आणि उमेद उतरलेलीच असेल तर मनोविकारतज्ज्ञांना भेटण्यात संकोच नको. चार वर्षे दुखल्यावर मन थकणे यात नवल काही नाही.

घरच्यांचे "काल तर चांगली होतीस" हे वाक्य त्यांनी पाहिलेल्या गोष्टीवरून आलेले आहे. त्यांनी तुम्हाला काल पाच तास सलग उभे पाहिले, आज पलंगावर पाहिले. त्यांना मधला हिशेब दिसत नाही. कॅलेंडरवरचे आकडे त्यांनाही दाखवा आणि मदत मोघम मागू नका. "जरा हात लावा" म्हटल्यावर कोणी उठत नाही. "गजर वाजला की पुढच्या दहा पोळ्या तू भाज" असे मुलाला सांगितले तर तो भाजतो. चांगल्या दिवशी तुम्ही वीस मिनिटांनी थांबलात तर "आज तर दुखत नाही ना" असे सासूबाई म्हणतील. त्यांना माझे हे उत्तर वाचून दाखवले तरी चालेल.

आयुष्यभर असेच का, याचे प्रामाणिक उत्तर तपासल्याशिवाय देता येणार नाही, आणि तपासूनही कोणी तारीख देत असेल तर विश्वास ठेवू नका. तुमच्यासारख्या रुग्णांमध्ये मी जे पाहते ते असे की पहिल्या सहा आठवड्यांत दुखणे जवळपास तेवढेच राहते, पण पडून काढलेले दिवस कमी होतात. नंतर उभे राहण्याची मुदत वाढत जाते. दुखणे कमी होते ते त्याच्याही मागून, काहींचे बरेच, काहींचे थोडे, आणि काहींचे पुन्हा एखाद्या महालक्ष्म्यांनंतर भडकते. सहा आठवडे वर सांगितल्याप्रमाणे केले आणि मुदत एक मिनिटही वाढली नाही, तर माझी पद्धत तुमच्यासाठी अपुरी आहे असे समजा आणि कॅलेंडरची ती दोन पाने व एमआरआयची फिल्म घेऊन वेदनातज्ज्ञांना भेटा. अशा वेळी नसेजवळ इंजेक्शनचा उपयोग होईल का, चमक नेमक्या कोणत्या नसेची आहे, हे ते ठरवू शकतात. तोवर उद्या सकाळी कुकर लावण्याआधी घड्याळात वेळ बघून ठेवा, आणि कंबरेने पहिल्यांदा तक्रार केली ती कितव्या मिनिटाला, एवढेच उद्याच्या चौकोनात लिहा.